दसऱ्याला बंद असणारं दुकान

वर्षातून एक दिवस असा येतो की त्या दिवशी सायकली विकायला अक्कल लागत नाही. तो म्हणजे दसरा. दुकान उघडायचं, दारात झेंडूच्या दोन माळा लटकवायच्या आणि गप बसायचं. माणसं आपल्या पायांनी येतात आणि सायकली घेऊन जातात. आणि नेमकं त्याच दिवशी आमचं दुकान बंद असायचं. परभणीत सायकलीच्या दुकानांना तोटा नव्हता, पण दसऱ्याला कुलूप लावणारं एकच होतं आणि ते आमचं होतं.

कारण साधं होतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, त्या दिवशी नागपूरला जायचे. तरुणपणी आपल्या बापाबरोबर जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती, ती दसऱ्याला. तेव्हापासून जग बुडालं तरी ही वारी चुकली नव्हती. आदल्या दिवशी माय भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, अण्णा पांढरा सदरा घालायचे, दुकानाचं कुलूप दोनदा ओढून बघायचे आणि स्टेशनचा रस्ता धरायचे. इकडं अख्खं गाव सायकली घ्यायला निघालेलं आणि तिकडं आमचा मालक नागपुरात.

मला याचा लय राग यायचा. आता खरं सांगायचं तर मला कशाचाही राग यायचा. एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. दहावी झाल्यावर मी दुकानात बसायला लागले, पण ते बसणं नावालाच. पाने आवरून ठेव, पुन्हा काढ, ओटा झाड, रस्त्यावर जाऊन बघ कोण येतंय का, परत ये. माय म्हणायची, "हिच्या पायाला चाकं लावलीत का काय कोण जाणे." पोरीनं दुकानात बसणं तिला मुळीच पसंत नव्हतं. पण अण्णांना दुसरा हात पाहिजे होता आणि मला ते काम आवडत होतं. आवडत होतं कसलं, त्या कामावर माझा जीव होता.

नव्या सायकली तेव्हा खोक्यात सुट्ट्या यायच्या. चाकं वेगळी, हँडल वेगळं, घंटी वेगळी. गिऱ्हाइकानं स्टुलावर बसायचं, चहा प्यायचा आणि आपल्या डोळ्यांदेखत आपली सायकल उभी राहताना बघायची. सीटला कव्हर कोणत्या रंगाचं, मागं कॅरिअर पाहिजे का, सगळं तिथंच ठरायचं. शेवटी चाकाचा आऊट काढायचा, म्हणजे चाक गरगर फिरवून बघत एकेक तार आवळायची, ते डुलायचं थांबेपर्यंत. हे काम माझं. ते करताना तेवढी मी शांत असायचे.

आणि मग यायचा अण्णांचा नियम. आमच्या दुकानातून नवी सायकल हातात धरून न्यायची नाही, बसून जायचं. कुणाला चालवता येत नसली तर अण्णा मागून कॅरिअर धरायचे आणि पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागं पळायचे. पन्नाशीचा माणूस, धोतराचा सोगा तोंडात धरून! गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्तरी, जाऊ द्या की, घरी जाऊन शिकतो." अण्णा ऐकायचे नाहीत. "बसून जायचं," एवढंच म्हणायचे.

या नियमाचं मूळ पिंगळीकडच्या आमच्या खेड्यात होतं. अण्णांनी तिथं पहिल्यांदा जुनी सायकल घेतली, मळ्यातल्या मजुरीवर. पण वेशीपाशी आलं की उतरावं लागायचं. चावडीपुढून आमच्या माणसानं सायकलवर बसून जाणं म्हणजे माज. मग वेशीपासून वस्तीपर्यंत सायकल हातात धरायची, मान खाली घालायची आणि चालायचं. किती वर्षं ते असे चालले, त्यांनाच ठाऊक. पुढं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आगी लागल्या, त्यात आमचं घर गेलं आणि ती सायकलही गेली. आम्ही परभणीला आलो. अण्णांनी आधी झाडाखाली पंप घेऊन हवा भरली, मग पंक्चर काढली, मग दोन फळ्यांचं दुकान टाकलं. दुकान आपलं, रस्ता सगळ्यांचा, आणि इथून कुणी उतरून जाणार नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

दसऱ्याचं गणितही लोकांनी जमवून घेतलं होतं. आमच्याकडची सायकल आधीच्या आठवड्यात न्यायची, घरी धोतराखाली झाकून ठेवायची आणि दसऱ्याला काढून पूजा करायची. झरीचा एक शेतकरी आमचं जुनं गिऱ्हाईक होता, चांगला तालेवार मराठा, तोंडानं फटकळ. तो दर वर्षी कुणासाठी तरी सायकल न्यायचा, कधी सालगड्यासाठी, कधी पुतण्यासाठी. अण्णांना म्हणायचा, "मिस्तरी, तुमचं सगळं उलटंच. लोक दसऱ्याला धंदा करतेत, तुमी पळून जाता." अण्णा हसायचे. तोही हसायचा आणि सायकलवर बसून जायचा.

मग ते मोठं दुकान आलं.

नांदेडला एक, जालन्याला एक, आणि आता आमच्याकडं तिसरं. मालक एकच. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते त्या तोंडाशी. काचेचं दार, आत ट्यूबलाइटा, आणि सायकली खोक्यात नाहीत तर फिट करून रांगेत उभ्या. गणपती झाल्यावर त्यांनी रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवला. दसऱ्याला खास सूट, जुनी सायकल द्या आणि नवी घ्या, वर जेवणाचा डबा फुकट, आणि हे सगळं फक्त दसऱ्याच्या दिवशी! तो भोंगा आमच्या दुकानापुढं आला की मुद्दाम हळू व्हायचा, असं मला वाटायचं. एकदा मी हातातला पाना घेऊन ओट्यावरून खाली उतरले. अण्णा म्हणाले, "काय करायलीस? रिक्षा फिट करायचीय का?"

त्यांना थट्टा सुचत होती. मला झोप येत नव्हती. नवरात्र बसलं, माळा पुढं सरकल्या, आणि आमच्याकडं कुणी फिरकेना. कसं फिरकणार? सूट दसऱ्याला आणि आम्ही विकायचो दसऱ्याआधी. खोकी जशी आली तशी भिंतीला टेकून उभी. मी रोज त्यांच्यावरची धूळ झटकायचे, जसं काही धूळ झटकल्यानं गिऱ्हाईक येणार होतं.

अशात मोठ्या दुकानाच्या मॅनेजरनं निरोप धाडला. मिस्तरीचा हात चांगला आहे असं ऐकलं, आमच्याकडं फिटर म्हणून या, महिन्याच्या महिन्याला पगार. मला वाटलं अण्णा त्या माणसाला दारातूनच वाटेला लावतील. तर म्हणाले, "दसरा होऊ द्या. नागपूरहून आलो की सांगतो."

हातातला पाना मी खोक्यावर आपटला. कारण मायचा सगळा बेत तयार होता. सेलूचं एक स्थळ आलं होतं. मुलगा तिथल्या जिनिंगमध्ये कारकून, आपल्यातलाच, माणसं खाऊन पिऊन बरी. त्यांची एकच अट, पोरीचं दुकानात बसणं आधी बंद करा, चारचौघांत बरं दिसत नाही. माय म्हणाली, "दुकान बंद, ह्यांना पगार, पोरगी सेलूला. सगळं कसं बसायलंय बघ." मुलगा वाईट नव्हता. पण सेलूत जाऊन मी काय करणार होते? कापसाच्या गाड्या मोजणार? मला दुकान पाहिजे होतं. हातात पाना आणि समोर फिरणारं चाक पाहिजे होतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून मी भांडत होते.

"अण्णा, यंदा नागपूर राहू द्या," मी म्हणाले. "दसऱ्याला दुकान उघडू. आपणही सूट देऊ."

"न्हाई."

"एक वर्ष! एक वर्ष न्हाई गेलं तर काय बिघडंल?"

"दसऱ्याला मी दुकानदार न्हाई," ते म्हणाले.

"मग दसऱ्यानंतर तर मुळीच राहणार न्हाई. त्यांच्याकडं जाऊन पाने उचला."

माय मध्ये पडली, "तोंड आवर गं!" पण अण्णा चिडले नाहीत. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. "तुला उघडायचंय ना? उघड. मी जाणारच हाय." आणि दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून खरंच गेले. त्या वर्षी कुलूप ओढून बघायचं काम त्यांना उरलं नव्हतं.

दसऱ्याला मी सकाळीच दुकान उघडलं. ओटा धुतला, पाने ओळीनं लावले, स्टूल पुसलं. माळ लावावी की नाही यावर बराच वेळ स्वतःशीच वाद घातला. आमच्या घरात पूजा नाही, पण झेंडूनं काय घोडं मारलंय? शेवटी लावली. मग वाट बघत बसले. बसले कसली, दारातून गिरणीपर्यंत आणि गिरणीपासून दारापर्यंत फेऱ्या.

कुणी आलं नाही. मला आधी उमजलंच नाही, मग लख्ख उमजलं. आमचं दुकान दसऱ्याला बंद असतं हे अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होतं. आजच ते उघडं आहे हे कुणाला कळणार? आमच्याकडं कुठं भोंगा होता? लोक गल्लीत वळायचेच नाहीत. मोठ्या दुकानातून निघालेल्या सायकली रस्त्यानं सरळ जात होत्या, हँडलला माळ, मडगार्डवर कुंकवाचा टिळा, आणि धनी बाजूनं हातात धरून चाललेला. गर्दीमुळं असेल. पण मला ते बघवेना.

तेवढ्यात झरीचा शेतकरी वळला. माझा जीव भांड्यात पडला. पण त्याच्या हातात नवी कोरी सायकल होती आणि कॅरिअरला तो फुकटचा डबा.

"अगं, दुकान उघडं कसं?" तो म्हणाला. "मला वाटलं मिस्तरी नागपूरला."

"अण्णा नागपूरलाच. मी उघडलंय."

"आधी सांगायचं न्हाई का? उगं तिकडं गेलो मी." मग जरा घुटमळला. "बरं, मागच्या चाकात हवा कमी वाटायलीय. दोन पंप मारतीस का?"

काय म्हणावं या माणसाला! सायकल तिकडची आणि हवा इकडची. मी दात-ओठ खाऊन पंप उचलला आणि अशी हवा भरली की चाक दगड झालं. तो आपला खुशीत. जाताना मात्र सायकलवर बसला. मी काही बोलले नव्हते, सवयीनंच बसला.

दुपार कलली. मी माळ काढायला हात घातला, तेवढ्यात एक बाई ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तिशीची, कडक इस्त्रीचं सुती पातळ, खांद्याला झोळी. ती नर्सबाई होती. राहायला परभणीतच भाड्यानं, कामाला झरीकडच्या खेड्यांत. एसटी झरीला सोडते, पुढं लसीचा डबा घेऊन एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात पायी.

"मला सायकल घ्यायचीय," ती म्हणाली. "त्या मोठ्या दुकानात गेले होते. म्हटलं, चालवता येत न्हाई, शिकवता का? तर पोरं हसायली. म्हणतेत, बाई, मालकांना पाठवा. कोण मालक? पगार माझा, पाय माझे!" मग आत डोकावली. "इथले मिस्तरी मागून धरतेत म्हणं."

"मिस्तरी न्हाईत."

"मग तुमी धरा."

कोपऱ्यात एक लेडीज सायकलचं खोकं केव्हाचं पडून होतं, कुणी घेत नव्हतं म्हणून. ते मी ओढलं आणि फोडलं. नर्सबाई स्टुलावर बसली. चहा आला. मी हँडल बसवलं, साखळी चढवली, चाक फिरवून आऊट काढला. दिवसभराची तगमग त्या चाकाबरोबर थोडी खाली बसली.

मग आम्ही रस्त्यावर आलो. तिनं पदर खोचला, बसली, आणि मी कॅरिअर धरून पळाले. चार हात गेलो नाही तोच दोघी धाडकन खाली. पुन्हा बसली, पुन्हा पडलो. सोनं वाटायला निघालेली माणसं आपट्याची पानं हातात घेऊन तमाशा बघायला थांबली. कुणीतरी म्हणालं, "बाई, सोनं घ्या, सोन्यासारखं पडा." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं सरकला.

नर्सबाईनं कोपर झटकलं. "तुमी शिकताना किती पडलात?" तिनं विचारलं.

"मी शिकलेच न्हाई."

"म्हंजे?"

"मला येत न्हाई सायकल."

ती भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून हसली. "अगं माय! सायकलीच्या दुकानात जन्म गेला, अन सायकल येत न्हाई? दिव्याखाली अंधार!"

मला झोंबलं. झोंबलं कारण खरं होतं. अण्णांनी परभणीतल्या अन खेड्यापाड्यातल्या निम्म्या माणसांना पळत पळत शिकवलं होतं. मी रोज सकाळी सायकली हातात धरून बाहेर काढायचे आणि संध्याकाळी हातात धरून आत लावायचे. इतकी वर्षं! मला बसवावं हे अण्णांच्या मनात आलं नाही, मायच्या तर नाहीच, आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे माझ्याही आलं नाही. पोरीला कशाला, असं कुणी म्हणालंसुद्धा नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

"बसा," नर्सबाई म्हणाली. "मी धरते."

"सायकल तुमची."

"म्हणूनच म्हणते, बसा."

बसले. पहिल्यांदा सीटवर बसल्यावर रस्ता एकदम खाली गेला. ती पळाली, मी पायडल मारलं, आणि थेट गिरणीच्या भिंतीवर जाऊन आदळले. मग तिची पाळी. मग माझी. दिवेलागण झाली तेव्हा दोघींचे गुडघे फुटलेले आणि ती बिनआधारानं वीस-पंचवीस पावलं जायला लागलेली.

"नेऊ का आता? हातात धरून नेते, खोली जवळच हाय," ती म्हणाली.

"न्हाई!" मी ओरडलेच. "आमच्या दुकानातून हातात धरून न्यायची न्हाई. नीट आली की बसून जायचं. तोवर राहू द्या इथं."

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. या नियमाच्या नावानं मी किती बोटं मोडली होती!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सबाई आली, आणि तिच्याबरोबर दवाखान्यातल्या आणखी दोघी. नुसत्या बघायला, असं म्हणाल्या. पण एकीनं विचारलंच, "आमालाबी शिकवाल का? बाईमाणूस धरत असंल तर घरचे हो म्हणतील." मी भिंतीच्या खोक्यांकडं बघितलं. त्यात लेडीज सायकल एकही नव्हती, सगळ्या दांड्याच्या. म्हटलं, "मागवते." कुणाला विचारून म्हणाले मी? दुकान चार दिवसांत बंद होणार होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा यायचे होते. काय सांगायचं, कसं सांगायचं, दिवसभर जिवाला चैन नाही. संध्याकाळी नर्सबाई आली, आम्ही सायकल काढली. ती दोन फेऱ्या मारून आली आणि मला म्हणाली, "आज मी धरणार न्हाई. जा." मी बसले. डुलत, हँडल घट्ट आवळून, गिरणीच्या कोपऱ्यावरून वळले. पडले नाही! पुढं रस्ता मोकळा होता. वारा तोंडावर येत होता आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

आणि समोरून अण्णा आले. चुरगळलेला पांढरा सदरा, खांद्याला झोळी, डोळे जागरणानं लाल.

आमच्याकडं वडीलधारं माणूस समोर आलं की सायकलवरून उतरायचं, ही रीत. मी विचार केलाच नाही. ब्रेक दाबला, खाली उडी मारली, ओढणी सारखी केली आणि हँडल हातात धरून, मान खाली घालून बाजूला उभी राहिले.

अण्णा थांबले. मी डोळे वर करून बघितलं, तर त्यांचा चेहरा असा झालेला की मी घाबरले. सायकल चालवली म्हणून चिडले, मला वाटलं.

"उतरलीस कामून?" ते म्हणाले.

"तुमी आलात म्हणून."

"मी कोण हाय? पाटील हाय? चावडी हाय?" भर रस्त्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "माझ्या पोरीनं अशी मान खाली घालून सायकल धरायची? माझ्यापुढं? बस वर."

मला बसता येईना. दोनदा चढले, दोनदा पाय टेकला. अण्णांचा हात सवयीनं कॅरिअरकडं गेला.

"धरू नका," मी म्हणाले.

त्यांनी हात मागं घेतला. तिसऱ्यांदा मी बसले आणि निघाले. मागून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, आधी चालल्याचा, मग पळाल्याचा. गिरणी गेली, कोपरा गेला, नर्सबाई बाजूला झाली, आणि मी दुकानापुढं जाऊन ओट्याला चाक टेकवलं.

माय दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. अण्णा धापा टाकत पोचले. झोळीही उतरवली नाही.

"सेलूच्या पावण्यांना कळव," ते मायला म्हणाले. "दुकान चालू हाय, अन पोरगी दुकानात हाय. पटत असंल तर या म्हणावं." आणि मोठ्या दुकानाच्या दिशेला हात करून म्हणाले, "त्यांना मी सांगतो."

मग ओट्यावर बसले आणि प्यायला पाणी मागितलं.